हिरव्या ढालीवर पिवळा अडकित्ता

वसुधाताई राहायच्या त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक सूचना लावलेली होती. ‘बाल्कनीत बोलताना कृपया शेजाऱ्यांचा विचार करावा.’ कुणाचं नाव नव्हतं. इथे असल्या सूचनांत नाव कधीच नसतं. पण मजकुराखाली तोंड उघडलेल्या एका बाईचं लहानसं चित्र होतं, आणि त्या बाईला अंबाडा होता. ओसाकातल्या त्या इमारतीत अंबाडा घालणारी बाई एकच होती. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा लिफ्टचं दार बंद होताच त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

“ही मी. छान काढलंय ना? नाक तेवढं चुकलंय.”

त्यांचा आवाज मोठा होता असं म्हणून भागत नाही. स्टेशनच्या एका फलाटावरून त्या समोरच्या फलाटावरच्या माणसाला चहाला बोलवायच्या, आणि मधून गाडी गेली तरी वाक्य तुटायचं नाही. भांडण नाही, राग नाही, साधं “साखर किती घालू?” हेसुद्धा जिन्यापर्यंत जायचं. त्यांचे यजमान श्रीकांतकाका कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं म्हणून ओसाकाला आले आणि वीसेक वर्षं राहिले. ते इतक्या हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागे. “वसू, हळू” हे दोन शब्द ते दिवसभर अधूनमधून म्हणत, त्रासून नव्हे, आपण बोलताना श्वास घेतो तसे. मुलगा निखिल टोकियोजवळच्या इचिकावात नोकरीला. इथेच वाढलेला. आईचा फोन उचलला की “हॅलो”च्या आधी तो जपानीत म्हणायचा, “आई, आवाज.”

आणि वसुधाताई हसायच्या. तेही मोठ्यानं.

माझी त्यांची ओळख मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. मी पुण्याहून पीएचडीला आले होते आणि लोकांच्या घोळक्यापासून लांब, दाराशी रांगोळी काढत बसले होते. रांगोळी काढताना कुणाशी बोलावं लागत नाही. माझा आवाज लहान. शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हटलेलं मिसना ऐकू न गेल्यामुळे मी वर्गात बसून कितीदा तरी गैरहजर लागले आहे.

“तुझी रेघ सरळ येते गं,” डोक्यावरून आवाज आला. दाराबाहेरच्या दोन माणसांनीही वळून पाहिलं. “रविवारी काय करतेस?”

“काही नाही, काकू.”

“काकू म्हणू नकोस. देवगिरीत मला कुणी काकू म्हणत नव्हतं. वसुधाताई म्हण.”

मागून श्रीकांतकाका पुढे आले, हलकेच म्हणाले, “घाबरू नकोस. रविवारी कळेल.” त्यांना मात्र मी काका म्हणू लागले, आणि “मी ताई आणि हे काका, मग आमचं नातं काय?” हा विनोद वसुधाताईंनी मी पुढे त्यांच्या घरी जेवले तेवढ्या वेळा केला.

रविवारी कळलं. योदो नदीच्या काठच्या मोकळ्या मैदानावर, एका बाजूला मुलांचं बेसबॉल आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी बार्बेक्यू चाललेलं असताना, मधल्या गवतावर वीस-पंचवीस जपानी माणसं चिलखतं घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना बडवत होती. बायका हातानं शिवलेल्या पायघोळ झग्यांत चटयांवर बसून पट्ट्या विणत होत्या. ही सगळी मध्ययुगात रमणारी मंडळी होती. आठवडाभर कचेरीत काम करायचं आणि रविवारी सातआठशे वर्षं मागे जायचं. प्रत्येकानं त्या काळातलं एक नाव घ्यायचं, त्या काळात आपण कोण असतो ते ठरवायचं. बहुतेकजण युरोपातले सरदार आणि शिंपी झाले होते. वसुधाताई यादवांच्या राज्यातल्या देवगिरीच्या होत्या, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर फिरत फिरत इथवर आलेल्या. नऊवारी नेसून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून त्या मैदानभर फिरत आणि बेसबॉलची मुलं खेळ थांबवून बघत राहत.

त्या मंडळाच्या चोपदार होत्या. हा शब्द त्यांचाच. दरबार भरला की पुढे उभं राहून कोणाला काय मान मिळाला ते ललकारायचं, लढाई लागली की दोन्ही बाजूंच्या माणसांची नावं पुकारायची, आणि एरवी प्रत्येकाच्या ढालीवरचं चिन्ह ठरवायला मदत करायची. त्यांच्याआधी हे काम मोरिकावा-सान करायच्या. मोरिकावा-सान वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर बसतात आणि मंडळाच्या प्रमुख आहेत. त्यांना सगळे बॅरनेस म्हणतात. त्यांचा आवाज खिडकीच्या काचेपर्यंत पोचेल इतकाच. मैदानाच्या वरच्या अंगाला रेल्वेचा पूल आहे, आणि गाडी आली की त्या वाक्य थांबवून वाट बघायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. एका दरबारात इतक्या गाड्या आल्या की अंधार पडला. तेव्हा नुसत्या बघायला आलेल्या वसुधाताईंनी मागूनच ते नाव सांगितलं. नदीच्या पलीकडे सायकलवरून चाललेला एक माणूस थांबला म्हणे.

“कितीतरी वर्षं या देशात मी आवाज ठेवायला जागा शोधत होते,” त्या मला म्हणाल्या होत्या. “आणि इथे ही माणसं म्हणाली, अजून थोडं मोठ्यानं, प्लीज.”

ढालींचा एक नियम आहे आणि तो त्यांच्या अंगात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भिनला होता. पिवळा आणि पांढरा हे धातू, म्हणजे सोनं आणि चांदी. लाल, निळा, हिरवा, जांभळा, काळा हे रंग. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. का, तर लढाईच्या धुळीत लांबून दिसलं पाहिजे समोर कोण आहे ते. वसुधाताईंनी हा नियम ढालीपुरता ठेवला नाही. मेट्रोच्या पाट्या, दुकानांचे पडदे, जेवणाचे डबे, सगळं त्या या नियमानं तपासत. “पांढऱ्या भातावर पिवळं लोणचं! धातूवर धातू. काय दिसणार?” एका हळदीकुंकवाला नव्या लग्नाची एक मुलगी गडद निळ्या साडीला जांभळे काठ अशी नेसून आली होती. सगळ्या म्हणाल्या, किती सुरेख. वसुधाताईंनी डोळे बारीक केले, दोन पावलं मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “साडी चांगली आहे गं, पण तू लढाईत वाचणार नाहीस.”

“वसू, हळू,” काका म्हणाले.

“हळू सांगितलं तर ती मरेल ना!”

ते मागे सरकणं ही त्यांची खास तऱ्हा. कुठलंही चित्र जवळून बघायच्याच नाहीत. मी नदीकाठी त्यांच्या हाताखाली ढाली रंगवायला लागले. बोलायचं काम नव्हतं आणि रेघ सरळ येत होती. रंगवून झालं की त्या मला ढाल छातीशी धरून उभं राहायला सांगत आणि स्वतः उलट्या पावली चालायला लागत. डोळे बारीक, एक हात कपाळावर. मध्ये कुणाची पिशवी, कुणाचं मूल, बार्बेक्यूची शेगडी येई, त्या मागे न बघता अंदाजानं वळसा घालत. एकदा मात्र अंदाज चुकला आणि त्या सरळ कुणाच्या तरी सहलीच्या चटईवर बसल्या. त्या घरानं त्यांना बार्लीचा चहा दिला. त्या तिथूनच ओरडल्या, “सिंह नाही दिसत! कुत्रा दिसतो! शेपूट जाड कर!”

मान मिळण्याची आमची रीत अशी आहे. पहिली पायरी ढालीची: तुमचं चिन्ह परदेशातल्या समितीकडून मंजूर झालं आणि बॅरनेसनी भर दरबारात ते तुम्हाला दिलं, की मग ते मिरवायचं. त्याच्यावर सेवेसाठी सारस पक्ष्याचं पदक, कलेसाठी आणि लढाईसाठी आणखी काही, आणि अगदी वर चांदीची साखळी. यातलं काहीही स्वतःसाठी मागायचं नाही. दुसऱ्यांनी सुचवायचं आणि ज्याला मिळणार त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. चोपदारानं नाव पुकारलं की उठून पुढे यायचं. तीनदा पुकारूनही आला नाही तर मान पुढच्या दरबारापर्यंत बाजूला.

ही रीत ज्यांनी कुणी काढली त्यांना जपानी माणूस माहीत नसावा.

ओकादा-सानना सारस मिळाला तो दिवस मला आठवतो. ते एका कंपनीत हिशेबनीस. चिलखत घातलं की दोन माणसांना भारी, काढलं की कुणाला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालणारे. वसुधाताईंनी त्यांचं नाव पुकारलं. ओकादा-सान जागचे हलले नाहीत. तोंडासमोर हात हलवत शेजाऱ्याला म्हणाले, “नाही नाही, काहीतरी चूक झाली असेल.” शेजारीही नम्र, तो म्हणाला, “असेलही.”

वसुधाताईंनी दुसऱ्यांदा पुकारलं. पुलावर गाडी आली होती. नाव गाडीच्या वरून गेलं. ओकादा-सान आता गुडघ्यांवर बसून सगळ्यांची माफी मागत होते.

मग वसुधाताईंनी हातातला कागद खाली केला, पदर खोचला आणि आपल्या जपानीत म्हणाल्या, “ओकादा-सान! तुम्ही नाही म्हणताय म्हणजे तुम्हाला सुचवणारी ही सगळी माणसं खोटं बोलली. तसं म्हणायचंय का?”

ओकादा-सान घाबरून उभे राहिले. तिसरी हाक झाली तेव्हा ते रडत चालत पुढे आले, आणि बेसबॉलच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“दिलेला मान घ्यायलासुद्धा शिकावं लागतं,” नंतर चटईवर बसून ताई मला म्हणाल्या. “या लोकांना कुणी शिकवलंच नाही. सारखं आपलं नाही नाही.”

अडकित्त्याची गोष्ट मला उशिरा कळली. त्यांच्या स्वैपाकघरात खिडकीशी एक पितळी अडकित्ता असायचा, वडिलांचा. सुपारी खाणारं घरात कुणी उरलं नव्हतं. शरद ऋतूत गिंकोच्या बिया बाजारात आल्या की त्या भाजून अडकित्त्यानं फोडायच्या आणि पाहुण्यांना मीठ लावून द्यायच्या. हाच अडकित्ता त्यांना आपल्या ढालीवर हवा होता. हिरव्यावर पिवळा. रंगावर धातू, नियमाला धरून. त्यांनी तो समितीला पाठवला आणि तो परत आला. हे हत्यार ओळखू येत नाही, मासा आहे की पोपट असा प्रश्न पडतो. मग त्यांनी उघडलेला अडकित्ता काढून पाठवला. तोही परत आला: पळणारा माणूस वाटतो, शिवाय त्या काळात असं काही होतं का?

“देवगिरीच्या बाईनं सुपारी कशानं फोडली असती? दातांनी?” त्या म्हणाल्या, पण तेवढंच. मग बिया फोडत राहिल्या. पुन्हा काही पाठवलं नाही.

त्यांना ढाल नाही हे मला तिथेही उमगलं नव्हतं. ते कळलं एका मेजवानीच्या दिवशी. मेजवानीला आम्ही मिरवत आत जायचो, मानाच्या क्रमानं. सगळ्यांत पुढे चोपदार, मग बॅरनेस, साखळीवाले, सारसवाले, ढालवाले आणि शेवटी आम्ही, ज्यांच्याकडे काहीच नाही ते. त्या दिवशी वसुधाताईंचा पाय मुरगळला होता, म्हणून चोपदाराची काठी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली होती. मी नेहमीप्रमाणे रांगेच्या शेपटाला उभी होते. शेजारी किल्ल्यांचा आवाज आला.

“ताई, तुम्ही इथे कशा? पुढे जा ना.”

“पुढे कुठे? माझी जागा हीच.” त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभ्या होत्या. “काठी हातात असते म्हणून मी पुढे असते. काठी नसली की मी तुझ्या शेजारी.”

मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्यापुढे जे जे उभे होते त्या प्रत्येकाचं नाव त्यांनीच ललकारलं होतं. कित्येकांच्या ढालीवरचं चिन्ह त्यांनी उलट्या पावली चालत चालत दुरुस्त केलं होतं.

“तुम्हाला ढाल नाहीये?”

“नाही गं.” आणि मग पहिल्यांदाच, आणि बहुतेक शेवटचंच, मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. “साखळीबिखळी नको मला. पण यांची नोकरी संपली, पुढच्या थंडीआधी आम्ही कायमचे पुण्याला. जाण्याआधी ढाल मिळाली असती तर... एखाद्यानं म्हणावं ना, की वसुधा, ये. आता तूच सांग, हे मी स्वतः कसं म्हणू?” मग लगेच नेहमीच्या आवाजात, “चल, सूप गार होईल!”

मी त्या मेजवानीत काय जेवले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोरिकावा-सानच्या वॉर्ड ऑफिसात गेले. टेलिफोनवर मला बोलता येत नाही आणि खिडकीपाशी गेलं की नंबर येईपर्यंत वाक्य जुळवायला वेळ मिळतो. माझा नंबर आला. मी ते वाक्य म्हटलं. मोरिकावा-सानचा चेहरा पार उतरला.

“पण ताई-सानना तर कधीच...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “मी बॅरनेस झाले तेव्हा मला वाटलं, आधीच्या बॅरनेसनी दिली असेल.”

आधीच्यांनाही तसंच वाटलं होतं. ओकादा-सानना तसंच वाटलं होतं. मान देताना ज्या बाईचा आवाज कानांत असतो, तिला स्वतःला मान नसेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. वर्षानुवर्षं प्रत्येकजण समजत राहिला की ते काम दुसऱ्या कुणीतरी केव्हाच केलं आहे.

मोरिकावा-सानना इतकी लाज वाटली की त्या थेट सारस द्यायला निघाल्या. पहिली पायरी गाळता येत नाही असा नियम निघाला. “इतक्या वर्षांनी नुसती ढाल? त्यांना अपमान वाटेल,” त्या म्हणाल्या.

“नाही वाटणार,” मी म्हटलं. “त्यांना तीच हवी आहे.”

आता प्रश्न अडकित्त्याचा. मंडळाची मानपत्रं कोबायाशी-सान रंगवतात. एरवी त्या मिठाईच्या खोक्यांवरची चित्रं काढतात. मी त्यांना ताईंच्या घरी गिंकोच्या बिया खायला घेऊन गेले. त्यांनी जेवणभर अडकित्त्याकडे पाहिलंही नाही. मग ताईंनी एक बी पात्यांमध्ये धरली, कट्ट आवाज झाला, आणि कोबायाशी-सान जपानीत पुटपुटल्या, “हं. रिकामा काढला म्हणून कळत नव्हता.” घरी जाऊन त्यांनी अडकित्ता काढला तो अर्धा उघडा, पात्यांमध्ये गोल सुपारी धरलेला. आता तो मासाही वाटत नव्हता आणि माणूसही. काहीतरी फोडतोय हे कुणालाही कळलं असतं. समितीला त्यांनी आणि मोरिकावा-साननी काय काय पुरावे पाठवले ते मला माहीत नाही, पण चित्र मंजूर होऊन आलं.

राहता राहिला चोपदार. दरबारातलं प्रत्येक नाव ताई आदल्या रविवारी घोकून घ्यायच्या. उच्चार चुकलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या हातून त्यांचंच नाव कसं पुकारून घ्यायचं? दुसऱ्या कुणाला पुढे केलं तर त्यांना लगेच वास आला असता. शेवटी श्रीकांतकाकांनीच मार्ग काढला. “वाचू दे तिला,” ते म्हणाले. “तिच्याइतकं मोठ्यानं कोण म्हणणार आहे?”

मोरिकावा-साननी ताईंना सांगितलं की शेवटचा मान फार लाजऱ्या माणसाचा आहे, नाव आधी फुटलं तर ते माणूस येणारच नाही, म्हणून मानपत्राची गुंडाळी दरबारातच उघडायची. ताई भडकल्या. “नाव न बघता? आणि उच्चार चुकला तर?” पण मग त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला, आणि मला कळलं की त्यांची काय समजूत झाली आहे. ते लाजरं माणूस म्हणजे मी, असं त्यांना वाटलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा फोन करून सांगितलं की रविवारी केस नीट विंचर.

दरबार दुपारचा होता. ऊन स्वच्छ, नदीवर वारा. ताईंनी हिरवी नऊवारी नेसली होती. एकेक नाव पुकारलं गेलं, एकेक जण उठला. मग मोरिकावा-साननी शेवटची गुंडाळी त्यांच्या हातात दिली. ताईंनी ती उघडली, माझ्याकडे बघून ‘ताठ बस’ अशी खूण केली आणि वाचायला लागल्या.

“ऐका हो ऐका! आपल्यांत एक व्यक्ती अशी आहे, जिनं आपल्यापैकी प्रत्येकाला लांबून ओळखलं...” त्या माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या. “जिनं आपल्याला उठून उभं राहायला शिकवलं. आज आम्ही तिला तिची ढाल देत आहोत, हिरव्यावर पिवळा...”

पुढचा शब्द कोबायाशी-साननी मराठीत लिहवून घेतला होता. तो मीच देवनागरीत काढून दिला होता, त्यातलं जोडाक्षर दोनदा गिरवून.

ताई थांबल्या. कागद डोळ्यांपासून लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब धरला.

“अडकित्ता,” त्या म्हणाल्या. “देवगिरीची वसुधा.”

आणि मग त्यांनी तोंडासमोर हात हलवला. “नाही नाही. काहीतरी चूक झाली असेल.”

आधी कुणी हसलं नाही. मग ओकादा-सान, जे भिंतीच्या कडेनं चालतात, ते उठून उभे राहिले आणि लाल चेहऱ्यानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ताई-सान, म्हणजे आम्ही सगळे खोटं बोललो का?”

मग जो हशा उठला त्यात त्यांचाही होता. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला, काठी नीट धरली. नियम तो नियम; बोलावलेलं माणूस आलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाच दुसरी हाक मारली. नेमकी पुलावर गाडी आली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच गाडी जिंकली. नाव निघालंच नाही.

गाडी गेली. तिसरी हाक राहिली होती, आणि तीही वाया गेली असती तर पुढचा दरबार त्या पुण्याला गेल्यावर.

मागच्या चटईवरून श्रीकांतकाका उभे राहिले. बायकोला आयुष्यभर दोनच शब्द सांगत आलेले काका. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी मला कधी वाटलं नव्हतं इतक्या मोठ्यानं म्हटलं, “वसू! ऐकू नाही आलं!”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

ती हाक मी लिहून दाखवू शकत नाही. बेसबॉलचा चेंडू हवेत होता आणि तो झेलणारा मुलगा वळून आमच्याकडे बघायला लागला, एवढंच सांगते. हाक मारून त्यांनी काठी मोरिकावा-सानच्या हातात दिली, चार पावलं मागे गेल्या, म्हणजे लोकांत गेल्या, आणि तिथून वळून, नाव पुकारलेल्या माणसासारख्या, ताठ चालत पुढे आल्या.

त्या संध्याकाळच्या मेजवानीत त्या काठीशिवाय ढालवाल्यांच्या ओळीत चालल्या. मी शेपटाला होते. दर पाच पावलांनी वळून त्या मला सांगत होत्या, “इथून छान दिसतं गं!”

त्यानंतरच्या रविवारी त्या मंडळाचा निरोप घ्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. चटया गुंडाळून झाल्या, कचरा जळणारा, न जळणारा असा वेगळा करून झाला, श्रीकांतकाका घड्याळ बघायला लागले, तेव्हा त्यांना एकदम आठवलं.

“थांबा! माझी तपासलीच नाही.”

त्यांनी आपला झेंडा माझ्या हातात दिला, हिरव्यावर पिवळा अडकित्ता, आणि मला बांधाच्या चढावर उभं केलं. “उंच धर. हलू नकोस.” मग डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून त्या उलट्या पावली चालायला लागल्या. चटईच्या जागेपलीकडे, बेसबॉलच्या रेघेपलीकडे, मुलं बाजूला होऊन वाट देत होती. आणखी मागे. ओकादा-सान त्यांच्यामागे वाकून वाटेतले दगड उचलत होते. नदीच्या कडेच्या गवतापाशी त्या एवढ्याशा झाल्या, चेहरा दिसेना, नुसता एक ठिपका आणि त्याच्यावर अंबाड्याचा ठिपका.

माझे हात दुखायला लागले होते. पुलावर गाडी येत होती.

आणि तेवढ्या लांबून, गाडीच्या वरून, माझ्या कानाशी उभं राहून म्हणावं तसं स्पष्ट ऐकू आलं:

“दिसतोय गं!”